नळ ते खाडी : आपल्या सांडपाण्याची गोष्ट

रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत काय काय यायचं ते साधारण ठरलेलं असतं. पहिली कमिटी, भूमिपूजनाचा फोटो, गणेशोत्सव, सत्यनारायण, आणि नळाला पहिल्यांदा पाणी आलं तो दिवस. आपल्या वार्षिक सभांची जुनी इतिवृत्तं चाळली तर ‘पाणी’ हा विषय एकाही वर्षी चुकलेला नाही. टँकर किती आले, मोटर कधी जळली, वेळा कुणी ठरवल्या, सगळी नोंद आहे. पण हा सगळा इतिहास येणाऱ्या पाण्याचा. वापरून झालेलं पाणी कुठे गेलं, याबद्दल पंचवीस वर्षांत एवढीच नोंद सापडते : ‘चेंबर तुंबले, साफ करून घेतले.’

आधी थोडा हिशेब मांडू. आपल्या चाळीस घरांत घरटी चार माणसं धरली तर झाली एकशे साठ. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी माप, आणि त्यातलं ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं अभियंते धरतात. म्हणजे रोज सुमारे १७ हजार लिटर, दहा हजारी टँकर पावणेदोन. पंचवीस वर्षांचे झाले पावणेसोळा कोटी लिटर. आपल्याला कुठलं रोज १३५ लिटर मिळत होतं, असं कुणी म्हणेल आणि ते खरंच आहे. हवं तर आकडा निम्मा करा. तरी आठ कोटी लिटर पाणी आपल्या आवारातून कुठेतरी गेलेलं आहेच. ते कुठे गेलं आणि वाटेत त्याचं काय झालं (किंवा झालं नाही), त्याचा हा इतिहास.

खाडीच्या तोंडावरचं बेट

आपली तारोडी धारावी बेटावर आहे. मुंबईतली झोपडपट्टीची धारावी वेगळी, ही वेगळी. पाहुण्यांना हे आजही समजावून सांगावं लागतं. धारावी देवीचं मंदिर आपल्या गावातच आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, आणि मधल्या सखल भागात मिठागरं व कांदळवनं. १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांच्या सैन्याला वसईच्या आधी धारावी का हवी होती, ते नकाशा पाहिला की कळतं. खाडीचं तोंड ज्याच्या ताब्यात, त्याच्या नजरेखालून सगळी ये-जा. चौकच्या किल्ल्याचं महत्त्व तेवढ्यासाठीच.

तेव्हा गलबतं या तोंडातून आत जायची. आज याच तोंडातून अर्ध्याअधिक ठाणे जिल्ह्याचं सांडपाणी बाहेर येतं, कारण वसईची खाडी म्हणजे दुसरं काही नसून उल्हास नदीचं मुख आहे.

पूर्वी गावात सांडपाण्याचा प्रश्न नव्हता असं जुनी माणसं सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पाणी विहिरीचं, ओढून काढावं लागणारं. जे हातानं ओढायचं ते माणूस जपून वापरतो. मोरीचं पाणी केळीच्या आळ्यात किंवा अळूला जायचं. शौचाला माणसं शेताच्या बांधापलीकडे जायची. घाण होतीच, पण विरळ होती. माती, ऊन आणि भरतीचं पाणी यांना ती पचवता येत होती. त्याचीही किंमत होतीच. पटकी, विषमज्वर आणि जंत यांनी किती पोरं नेली, ते जुन्या घरांतल्या आजींना विचारा. तेव्हा ‘पूर्वी सगळं स्वच्छ होतं’ असं म्हणण्यात अर्थ नाही. माणसं थोडी होती आणि पाणी थोडं होतं, इतकंच.

मग माणसं वाढली. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून मिरा-भाईंदर नगरपालिका झाली. पुढे आपल्या बाजूची गावंही तिच्यात आली. २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती सव्वापाच लाखांच्या घरात गेली आणि २०११ मध्ये आठ लाखांच्या वर. वीस वर्षांत साडेचारपट! इमारती उभ्या राहिल्या, नळ आले, फ्लश आले. फ्लश ओढला की सगळं नाहीसं होतं, अशी समजूतही त्यांच्याबरोबरच आली.

लंडनचा वास आणि माटुंग्याचा दिवा

ही समजूत आपलीच होती असं नाही. लंडनमध्ये घरोघर फ्लशचे संडास आले आणि सगळा मैला थेम्स नदीत जाऊ लागला. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीला असा दर्प सुटला की काठावरच्या पार्लमेंटमध्ये बसणं कठीण झालं. तेव्हा कुठे अभियंता जोसेफ बाझलजेट यांच्या मोठ्या गटारांना पैसे मंजूर झाले. खासदारांच्या नाकापर्यंत वास पोचल्याशिवाय पैसा सुटला नाही, हा धडा जुनाच आहे.

पण बाझलजेट यांनीही मैला शहराच्या खाली नेऊन सोडला, शुद्ध केला नाही. शुद्ध करण्याची जी युक्ती आज जगभर वापरतात, ती १९१४ साली मँचेस्टरमधून पुढे आली. आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा सोडली. मग खाली बसलेला गाळ टाकून न देता पुढच्या पाण्यात पुन्हा मिसळला. त्या गाळात घाण खाणारे जिवाणू पोसलेले होते. प्रत्येक फेरीला काम लवकर उरकू लागलं. आपण दह्याला विरजण लावतो, तसाच हा प्रकार. नदी जे काम मैलोनमैल वाहत सावकाश करते, ते एका टाकीत काही तासांत होऊ लागलं.

या कथेत मुंबईचंही एक पान आहे. १८९० मध्ये माटुंग्याला महारोग्यांसाठी आश्रम उघडला गेला. आज तो वडाळ्याचं अॅकवर्थ रुग्णालय म्हणून ओळखला जातो. ज्यांचं नाव त्याला आहे ते महापालिका आयुक्त अॅकवर्थ म्हणजे शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साथीनं मराठी पोवाडे गोळा करणारेच अॅकवर्थ. या आश्रमाच्या मैल्याच्या बंद टाक्यांत जो वायू तयार होत होता, तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोळा करून वापरला गेला. समाजानं ज्यांना गावाबाहेर काढलं, त्यांच्या मैल्यावर मुंबईत दिवा पेटला. आज ‘बायोगॅस’ म्हणून कौतुक होतं त्याची ही एक जुनी पायरी.

कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्र देशाच्या एक पाऊल पुढे होता. जलप्रदूषणाचा राज्याचा कायदा १९६९ चा. प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये झालं. केंद्राचा जल कायदा आला १९७४ साली. कायदा लवकर झाला, अंमलबजावणीचं तुम्हाला ठाऊकच आहे. नदीकडे दुर्लक्ष केल्यावर काय होतं, ते २०१२ साली इचलकरंजीनं पाहिलं. पंचगंगेच्या काठच्या त्या शहरात काविळीची साथ आली आणि माणसं गेली. वरच्या गावांचं सांडपाणी खालच्या गावाच्या नळातून परत आलं.

आपलं पाणी येतं कुठून?

आता पुन्हा आपल्या नळाकडे येऊ. मिरा-भाईंदरला पाणी येतं ते मुख्यतः दोन वाटांनी, एक स्टेम आणि दुसरी एमआयडीसी. स्टेम हे नाव शहाड आणि टेमघर यांच्यावरून पडलेलं. दोन्ही वाटांचं पाणी उल्हास नदीच्या खोऱ्यातलं आहे. बदलापूरजवळचं बारवी धरणही त्याच खोऱ्यात येतं.

उल्हास उगम पावते राजमाचीच्या डोंगरात. कर्जत, नेरळ, बदलापूर करत ती कल्याणला येते, तिथून तिची खाडी होते आणि घोडबंदरवरून ती आपल्या दाराशी समुद्राला मिळते. लांबी सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. एवढी लहान नदी उन्हाळ्यात आटत कशी नाही? त्याचं कारण गमतीचं आहे. टाटांचं भिवपुरीचं वीजकेंद्र १९२२ पासून घाटमाथ्यावरच्या आंध्रा नदीचं पाणी खाली कोकणात सोडतं. आंध्रा नदी मुळात इंद्रायणीला मिळणारी, इंद्रायणी भीमेला आणि भीमा पंढरपूरला. म्हणजे चंद्रभागेच्या वाटेवरचं काही पाणी सह्याद्रीच्या पोटातून उतरून, वीज देऊन, आपल्या नळाला येतं. वारीला न जाताही तीर्थ घरी येतं म्हणा ना!

या तीर्थाची वाटेत अवस्था काय होते, तेही पाहू. कल्याणजवळ उल्हासला वालधुनी नदी मिळते. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराच्या पायाशी वाहणारी ही नदी. पुढे तिच्यात कारखान्यांचं रंगीत पाणी आणि शहरांचा मैला मिसळला. उल्हासनगरचा खेमाणी नाला शहाडजवळ नदीत पडायचा. तो वळवण्यासाठी वेगळी योजना करावी लागली. उन्हाळ्यात कल्याणच्या बाजूला नदीवर जलपर्णीची हिरवी चादर पसरते. ती दिसायला छान असते, पण मैल्यातल्या खतावर पोसलेली असते. वनशक्ती या संस्थेनं उल्हास-वालधुनीचं हे गाऱ्हाणं राष्ट्रीय हरित लवादाकडे नेलं आणि २०१५ मध्ये लवादानं नगरपालिका व सामायिक प्रक्रिया केंद्रांना मोठा दंड सुनावला. तेव्हापासून वरच्या शहरांत सांडपाणी केंद्रांची कामं मागे लागून करून घ्यावी लागताहेत.

आपण या सगळ्यांच्या खाली आहोत. कर्जतपासून ठाण्यापर्यंत कुणी काय सोडलं त्याचा जमाखर्च आपल्या खाडीत लिहिला जातो. ‘वरच्यांनी सुधारायला हवं’ असं आपण म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण मुद्दा तिथे संपत नाही.

केंद्रात नेमकं होतं काय?

सांडपाणी प्रक्रिया केंद्र नदीचं रक्षण करतं म्हणजे काय करतं? पाण्याचा वास घालवणं, रंग घालवणं हे दुय्यम. मुख्य काम आहे नदीचा श्वास वाचवणं.

आपल्याकडच्या उष्ण हवेत एक लिटर स्वच्छ गोड्या पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मासे त्याच्यावर जगतात. तो चारच्या खाली गेला की बहुतेक माशांचा जीव घुसमटतो. आता घरगुती सांडपाणी घ्या. त्यातली घाण कुजवताना जिवाणू लिटरमागे साधारण अडीचशे मिलिग्रॅम प्राणवायू खातात. या भुकेच्या मापालाच बीओडी म्हणतात. म्हणजे आपलं एक लिटर सांडपाणी जवळजवळ तेहतीस लिटर नदीचा प्राणवायू फस्त करू शकतं. वारा, लाटा, भरती यांनी तो थोडाफार भरून निघतो. पण खाणारी तोंडं लाखांनी वाढल्यावर किती भरणार? मग पाणी काळं पडतं, बुडबुडे येतात, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. निवटी चिखलावर उड्या मारताना दिसेनाशी होते. नदी श्वास कोंडून मेलेली असते.

केंद्रात ही भूक नदीत शिरण्याआधीच भागवली जाते. पाणी आधी जाळीतून जातं. तिथे चिंध्या, प्लास्टिक, सॅनिटरी पॅड आणि (हसू नका) लहान मुलांची खेळणीसुद्धा निघतात. पुढच्या टाकीत वाळू-खडी खाली बसते. मिठागरात खाऱ्या पाण्यातली माती तळाला बसते, तसंच. मग येते हवेची टाकी. ब्लोअरनं खालून हवा सोडतात आणि जिवाणू घाण खाऊन वाढतात. जागा कमी असेल तिथे एमबीबीआर नावाची पद्धत वापरतात. तिच्यात प्लास्टिकच्या जाळीदार चकत्या पाण्यात फिरत राहतात आणि जिवाणू त्यांच्यावर घर करतात. पुढच्या टाकीत गाळ आणि पाणी वेगळं होतं. शेवटी पाण्यात क्लोरीन मिसळून रोगजंतू मारले जातात. हरित लवादानं २०१९ मध्ये बीओडीची मर्यादा लिटरला दहा मिलिग्रॅमपर्यंत खाली आणायला सांगितलं. अडीचशेवरून दहा! जे पाणी तेहतीस लिटर नदीचा प्राण खात होतं, ते आता सव्वा-दीड लिटरचाच खातं.

पण या केंद्राच्या मर्यादाही समजून घ्यायला हव्यात. जिवाणू जिवंत असतात. वीज गेली आणि हवा थांबली तर तेही आपल्यासारखेच घुसमटतात. अॅसिड, रंग, थिनर, इंजिनाचं जुनं तेल मोरीत ओतलं तर ते मरतात. कारखान्याचं विषारी पाणी घरगुती सांडपाण्याच्या केंद्राला पचत नाही. तिथे निघणाऱ्या गाळाचीही विल्हेवाट लावावी लागते. केंद्र ही बांधून सोडून द्यायची गोष्ट नाही. ते गोठ्यातल्या जनावरासारखं रोज सांभाळावं लागतं.

शहराची योजना

आपल्या शहरात बरीच वर्षं इमारतींच्या सेप्टिक टाक्या आणि उघडी गटारं हीच व्यवस्था होती. टाकीचं पाणी गटारात, गटार नाल्यात, नाला खाडीत. केंद्र सरकारची जेएनएनयूआरएम योजना २००५ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि तिच्यातून मिरा-भाईंदरच्या भुयारी गटार योजनेला वाट मिळाली. शहर सपाट, जागोजागी खाजण. सगळं पाणी एकाच टोकाला न्यायचं तर ठिकठिकाणी पंप लागणार. म्हणून एकच अवाढव्य केंद्र न बांधता शहराचे विभाग पाडून निरनिराळ्या ठिकाणी केंद्रं उभारायचं ठरलं. रस्ते खणले गेले तेव्हा आपण सगळ्यांनी शिव्या घातल्या, हे आठवत असेल. त्या खड्ड्यांत जे पुरलं गेलं त्याचं महत्त्व तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

अशी योजना पूर्ण कधी होते? केंद्राचं उद्घाटन झालं त्या दिवशी नव्हे. शेवटच्या इमारतीचं चेंबर जोडलं जाईल त्या दिवशी. जोडणी नसेल तर केंद्र रिकामं चालतं आणि खाडी भरलेली राहते. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत हे घडलेलं आहे.

जिथे हे नीट जमलं तिथे सांडपाण्याची किंमतही कळली. नागपूरमध्ये शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिलं जातं. तेवढं धरणाचं पाणी पिण्यासाठी वाचतं. नवी मुंबईत ते बागांना आणि कारखान्यांना पुरवलं जातं.

आपल्यासमोर तर आणखी एक गोष्ट उभी आहे. सूर्या धरणाच्या प्रादेशिक योजनेत रोज ४० कोटी ३० लाख लिटर पाणी आणायचं आहे आणि त्यातलं २१ कोटी ८० लाख लिटर मिरा-भाईंदरसाठी आहे. ‘सूर्याचं पाणी येणार’ हे वाक्य आपण इतकी वर्षं निवडणुकीत ऐकत आलो. पालघरच्या आदिवासी आणि शेतकऱ्यांनी या पाण्यासाठी विरोध केला, कारण ते त्यांच्या शेतीचं होतं. पण ते आलं की त्याच्या ८० टक्क्यांच्या हिशेबानं साडेसतरा कोटी लिटर सांडपाणीही येणार, हे कुणी भाषणात सांगत नाही. नळ मोठा झाला की गटारही मोठं लागतं. दुसऱ्या खोऱ्याचं पाणी आणायचं आणि घाण करून खाडीत सोडायचं, हे त्या शेतकऱ्यांच्या तोंडावर सांगायची आपली तयारी आहे का?

आपली टाकी

आता सोसायटीकडे येऊ. आपल्या मागच्या आवारात जी सेप्टिक टाकी आहे, ती सांडपाणी शुद्ध करते असा बऱ्याच जणांचा समज आहे. ती अर्धवट काम करते. जड घाण खाली बसते, तेल-तवंग वर राहतो आणि मधलं पाणी बाहेर पडतं. त्यात बीओडीही बरीच शिल्लक असते आणि रोगजंतूही. ते पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरावं अशी अपेक्षा असते. पण आपली जमीन सखल, खाडी जवळ. उधाणाच्या दिवसांत आणि पावसाळ्यात जमीन आधीच भरलेली असते. मग ते मुरत नाही, नाल्याला लागतं. ओहोटीला नाला खाडीला.

टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी असा नियम आहे. आपण ती तुंबेपर्यंत थांबतो. आणि उपसलेला मैला जातो कुठे? काही वर्षांपूर्वी आपल्याकडची टाकी उपसून नेणारी एक खासगी गाडी पुढच्याच वळणावर कांदळवनाच्या कडेला रिकामी होताना दोन सभासदांनी पाहिली. त्या महिन्याच्या सभेतली वादावादी बऱ्याच जणांना आठवत असेल. ‘आपण पैसे दिले, आपली जबाबदारी संपली’ असं एका बाजूचं म्हणणं होतं. ‘मैला आपला, तर जबाबदारीही आपली’ असं दुसऱ्या बाजूचं. शेवटी ठराव झाला की गाडीनं केंद्रावर माल उतरवल्याची पावती आणल्याशिवाय बिल द्यायचं नाही. सोसायटीच्या इतिहासात लिफ्टच्या ठरावाइतकाच हा ठराव महत्त्वाचा मानायला हवा.

दुसरी गोष्ट माणसाची. टाकीत किंवा चेंबरमध्ये साठणारा हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त झाला की त्याचा वाससुद्धा येईनासा होतो आणि उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. असे मृत्यू मोठ्या शहरांत दरवर्षी होतात, अगदी हाउसिंग सोसायट्यांच्या आवारातही. हातानं मैला साफ करवून घेण्यावर १९९३ मध्ये कायद्यानं बंदी आली. २०१३ च्या कायद्यानं गटारात आणि सेप्टिक टाकीत माणसाला धोकादायक पद्धतीनं उतरवणं गुन्हा ठरवलं. असा मृत्यू झाल्यास कुटुंबाला दहा लाख द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढली म्हणून जीव परत येत नाही. तेव्हा कमिटीत कुणीही असो, आपल्या टाकीत माणूस उतरणार नाही, यंत्रानंच उपसा होईल, ही गोष्ट पाचशे रुपये वाचवण्यासाठीही मोडायची नाही.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे दोन पर्याय येणार आहेत : पालिकेच्या भुयारी गटाराशी जोडणीसाठी पाठपुरावा करायचा, किंवा तोवर आवारातच लहान प्रक्रिया संच बसवायचा. दोन्हींना खर्च आहे. संच बसवला तर विजेचं बिल आणि देखभाल कायमची मागे लागेल आणि सांभाळायला माणूस नसेल तर तो वर्षभरात भंगार होईल. जोडणी मागितली तर चकरा माराव्या लागतील. दोन्ही बाजूंनी बोलायला जागा आहे आणि सभेत मोकळेपणानं बोललं जावं. पण ‘इतकी वर्षं चाललंच आहे की’ हा तिसरा पर्याय धरू नये. ते कसं चाललं आहे, ते वर लिहिलंच आहे.

आपल्याही खाली कुणीतरी आहे

आपल्या बेटाच्या लोकांना ‘खाली’ असणं म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. शहराचा घनकचरा धावगी डोंगरावर येऊ लागला आणि त्याचं काळं पाणी उतारावरून शेतात व विहिरींत झिरपू लागलं, तेव्हा उत्तन परिसरातली गावं रस्त्यावर उतरली. ‘तुमची घाण आमच्या दारात का?’ हा प्रश्न बेटानं शहराला विचारला आणि तो रास्तच होता.

मग हाच प्रश्न आपल्यालाही कुणी विचारू शकतं. तारोडीच्या खाली कोण आहे? खाडीत पाग टाकणारा आहे. चिखलात कालवं आणि खुबे वेचणारी बाई आहे. तिचे हात दिवसभर त्याच पाण्यात असतात. उधाणाचं पाणी मिठागरात घेणारा आगरी आहे. उत्तनच्या किनाऱ्यावर काठ्यांवर बोंबील वाळत घालणारी कोळीण आहे. जाळ्यात मासळीआधी प्लास्टिक येतं, ही तिच्या घरातली रोजची कुरकुर. आणि तिच्याकडून बोंबील विकत घेणारे कोण? आपणच. पाणी खाली जातं आणि ताटातून वर येतं. मग कोण वर आणि कोण खाली, हा हिशेब फार काळ टिकत नाही.

राजमाचीहून निघालेली नदी इतक्या शहरांची तहान भागवून आपल्या दाराशी समुद्राला मिळते. वरच्यांनी तिचं काय करावं ते आपल्या हातात नाही. शेवटच्या दोन-चार किलोमीटरमध्ये आपण तिच्यात काय घालतो, ते मात्र आहे. प्रक्रिया केंद्र म्हणजे नदीकडून उसनं घेतलेलं पाणी धुऊन परत करायची जागा. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर वाटी रिकामी आणि खरकटी परत करू नये, हे आपल्या आयांनी शिकवलेलं आहे.

सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका आज इथे खेळणारी मुलं काढतील. तिच्यासाठी ती आपली इतिवृत्तं चाळतील, तेव्हा जाणाऱ्या पाण्याबद्दल त्यांना ‘चेंबर तुंबले’ यापेक्षा आणखी एखादी ओळ सापडावी. ती ओळ लिहायची संधी येत्या सभेत आहे. सर्व सभासदांनी वेळेवर हजर राहावं. गणसंख्या नेहमीप्रमाणे अर्ध्या तासानं पुरी होऊ नये, एवढी विनंती.